गावची चाकरी आणि जोतीराव फुले

राज्य कोणाचे, या प्रश्नाची चर्चा राजधानीत रंगते. परंतु खेड्यातील माणसाला राज्य भेटते ते तलाठ्याच्या दप्तरात, शाळामास्तरांच्या हजेरीपटात आणि ग्रामसेवकाने दिलेल्या दाखल्यात. कायदा कितीही उदार असला, तरी तो गावापर्यंत पोहोचतो तो या तीन-चार माणसांच्या हातून. या जागांवर कोण बसतो, कोणत्या अधिकाराने बसतो आणि त्याला पगार किती मिळतो, यांवर सामान्य रयतेचे सुखदुःख अवलंबून असते. महात्मा जोतीराव फुले यांनी एकोणिसाव्या शतकात हाच प्रश्न आयुष्यभर लावून धरला. मुलींची शाळा काढणारे सुधारक आणि सत्यशोधक समाजाचे संस्थापक म्हणून त्यांचे स्मरण होत असते. गावच्या चाकरीच्या जागा कशा ठरवाव्यात आणि कशा भराव्यात, याचा त्यांनी केलेला विचार मात्र तुलनेने उपेक्षित राहिला आहे.

तो विचार समजून घ्यायचा, तर जोतीरावांच्या काळी गावचा कारभार कसा चाले हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. पाटील, कुलकर्णी, जोशी, चौगुला, महार ही सारी कामे वतनी होती. बापामागून मुलाने काम करावे आणि त्याबद्दल जमीन, बलुते किंवा मानपान घ्यावा, अशी ही रीत शतकानुशतके चालत आली होती. पुणे जिल्ह्याच्या उत्तरेस असलेल्या जुन्नरचा इतिहास या रीतीशी जडलेला आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबराने निजामशाहीची राजधानी काही काळ जुन्नरला आणली. त्याने महसुलाची घडी बसविताना मक्तेदारांना दूर सारले. पण गावचे वतनदार कायम ठेवले. जुन्नरजवळच्या शिवनेरीवर जन्मलेल्या शिवाजी महाराजांनी उलट रोख वेतनावर नेमलेल्या आणि बदलीस पात्र असलेल्या कारकुनांवर भर दिला, किल्ल्यावरील अधिकार एकाच हाती न ठेवता हवालदार, सबनीस व कारखानीस यांच्यात विभागला आणि वतनदारांच्या मनमानीला आळा घातला. त्यांच्या पश्चात वतनांचा पसारा पुन्हा वाढला. इंग्रजांनीही तो मोडला नाही. मुंबई इलाख्यात 1874 साली वंशपरंपरागत वतनांचा कायदा झाला, तेव्हा वतनदारांच्या घराण्यांची नोंद झाली आणि जन्माने मिळणाऱ्या चाकरीवर नव्या राज्याचाही शिक्का उमटला.

याच काळात वतनाच्या शेजारी दुसरा एक वर्ग उभा राहत होता. मामलेदार कचेरीतील कारकून, विद्याखात्यातील पंतोजी, बांधकाम खात्यातील हिशेबनीस ही पगारी माणसे होती. या जागा वंशपरंपरेने मिळत नसत. त्यांना लिहिता-वाचता येणे आवश्यक होते. कागदावर हा मार्ग सर्वांना खुला होता. परंतु लिहिणे-वाचणे ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आले होते, त्याच घरांतील मुले या जागांवर येणार हे उघड होते. एका दाराने जन्माचा हक्क बाहेर काढावा आणि दुसऱ्या दाराने तो आत यावा, असे हे घडत होते. हे ज्यांनी प्रथम स्पष्टपणे ओळखले, त्यांत जोतीरावांचे स्थान अग्रभागी आहे.

जोतीरावांचा जन्म 1827 सालचा. त्यांचे मूळ घराणे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे. पुण्यात फुलांचा व्यवसाय केल्यामुळे फुले हे आडनाव रूढ झाले. वडील गोविंदराव यांनी मुलाला शाळेत घातले, पुढे लोकांच्या बोलण्यावरून काढून मळ्यावर लावले आणि गफार बेग मुन्शी व लिजिट साहेब या दोघा शेजाऱ्यांच्या आग्रहावरून 1841 साली पुन्हा स्कॉटिश मिशनच्या शाळेत पाठविले. ही शाळा सुटली असती, तर जोतीराव हे नाव इतिहासात उरले नसते. एखाद्या मुलाचे शिक्षण अशा योगायोगावर अवलंबून असावे, याची खंत त्यांच्या पुढील सर्व कार्यात दिसते.

इंग्रजी शिकलेल्या तरुणाला त्या काळी सरकारी नोकरी सहज मिळत असे. जोतीरावांनी ती वाट धरली नाही. 1848 साली त्यांनी पुण्यात भिडे यांच्या वाड्यात मुलींची शाळा काढली. पत्नी सावित्रीबाई यांना त्यांनी स्वतः शिकविले आणि त्या त्या शाळेत शिक्षिका झाल्या. पुढे महार-मांग मुलांसाठी शाळा निघाल्या, 1855 साली शेतकऱ्या-कामकऱ्यांसाठी रात्रीची शाळा निघाली. या साऱ्या खटाटोपात त्यांना सर्वांत मोठी अडचण आली ती शिक्षकाची. अस्पृश्य मुलाला जवळ बसवून शिकविणारा मास्तर त्या पुण्यात सहज मिळण्यासारखा नव्हता. शिक्षक कोण असावा, हा प्रश्न त्यांच्यापुढे प्रथम उभा राहिला तो असा, रोजच्या व्यवहारातून.

उपजीविकेसाठी जोतीरावांनी शेती केली आणि बांधकामाचे ठेके घेतले. पुण्याजवळच्या मोठ्या सार्वजनिक कामांशी ठेकेदार म्हणून त्यांचा संबंध आला. मजुरांच्या रोजंदारीत कारकुनाच्या लेखणीने काय फरक पडतो, हे त्यांनी तेथे जवळून पाहिले. 1869 साली त्यांनी शिवाजी महाराजांवरील पवाडा प्रसिद्ध केला. त्याच वर्षी ब्राह्मणांचे कसब हे पुस्तकही आले. त्यात भट-भिक्षुकांबरोबरच गावचा कुलकर्णी आणि बांधकाम खात्यातील कारकून यांच्या कारभाराचे कडक वर्णन आहे. विद्याखात्यातील पंतोजींवरही त्यांनी त्याच सुमारास काव्यरचना केली. त्यांची भाषा बोचरी आहे, काही ठिकाणी ती सरसकट आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु तिच्या मुळाशी असलेली तक्रार नेमकी होती. शेतकऱ्याला लिहिता येत नाही, कागद त्याच्याविरुद्ध लिहिला जातो आणि ज्याच्याकडे दाद मागायची तोही लिहिणाऱ्याचाच सोयरा असतो, ही ती तक्रार.

24 सप्टेंबर 1873 रोजी सत्यशोधक समाजाची स्थापना झाली. मध्यस्थाशिवाय देवाची प्रार्थना आणि भटाशिवाय विवाह हा त्याचा बहुचर्चित कार्यक्रम. तथापि शिक्षण आणि नोकरी यांतील वाट मोकळी करणे हेही त्याचे काम होते. मागासलेल्या जातींतील गरीब मुलांना पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात सवलतीने घ्यावे, यासाठी समाजाने खटपट केली. सरकारी जागा हव्यात असे केवळ म्हणून त्या मिळत नाहीत. त्या जागेला लागणारी पात्रता आपल्या मुलांत आणावी लागते, हे या मंडळींना कळत होते.

समाजाचे कार्य पुण्याबाहेर ज्या गावांत रुजले, त्यांत जुन्नर तालुक्यातील ओतूर हे एक प्रमुख होते. तेथील डुंबरे पाटील मंडळी सत्यशोधक विचाराची. 1884 च्या सुमारास ओतूरला बाळाजी कुशाजी पाटील यांच्या घरी ग्रामजोशाला न बोलावता विवाहविधी झाले. गावच्या जोशांनी आपला वतनी हक्क बुडाला म्हणून न्यायालयात धाव घेतली. हे प्रकरण मुंबईच्या उच्च न्यायालयापर्यंत गेले. वरवर पाहता हा धार्मिक तंटा होता. परंतु त्यातील कायद्याचा प्रश्न चाकरीचा होता. जोशीपण हे गावचे एक काम होते आणि ते घराण्याकडे बांधलेले होते. ज्याला ती सेवा नको आहे, त्याच्याकडूनही तिचे मोल वसूल करण्याचा हक्क वतनदाराला असावा काय? जागा ही लोकांच्या उपयोगासाठी आहे, की ती धारण करणाऱ्याची मालमत्ता आहे? ओतूरच्या पाटलांनी जोतीरावांच्या विचाराला अनुसरून हा प्रश्न न्यायासनासमोर नेला. त्याचे कायद्याने कायमचे उत्तर मिळण्यास पुढे बराच काळ जावा लागला. सीताराम केशव बोले यांच्या प्रयत्नाने मुंबईच्या कायदेमंडळाने 1926 साली कायदा केला आणि सेवा न घेणाऱ्याकडून अशा परंपरागत हक्काची वसुली करण्याचा मार्ग बंद झाला.

1876 ते 1882 या काळात जोतीराव पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सभासद होते. स्थानिक कारभार आतून कसा चालतो हे त्यांना येथे पाहावयास मिळाले. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी 1880 साली एक हजार रुपये खर्च करण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा विरोधात एकट्या जोतीरावांचे मत पडले. त्या पैशात शहरातील गरिबांच्या शिक्षणाची सोय व्हावी, असे त्यांचे म्हणणे होते. त्याच वर्षी दारूच्या वाढत्या दुकानांविरुद्धही त्यांनी आवाज उठविला. सरकारने नेमलेल्या माणसाने सरकारच्या मर्जीविरुद्ध मत द्यावे, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

या अनुभवाचे सार त्यांनी 1882 साली हंटर शिक्षण आयोगापुढे ठेवले. 19 ऑक्टोबर 1882 या तारखेच्या त्या निवेदनात त्यांनी स्वतःची ओळख व्यापारी, शेतकरी आणि नगरपालिकेचे सभासद अशी करून दिली आहे. सरकारचा महसूल कष्टकरी रयतेच्या घामातून येतो आणि तो खर्च होतो मूठभर वरिष्ठांच्या उच्च शिक्षणावर, ही त्यांची मुख्य तक्रार सर्वश्रुत आहे. प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करावे, ही मागणीही अनेकदा सांगितली जाते. परंतु शिक्षकांनी आणि कारकुनांनी विशेष लक्ष द्यावे असा भाग पुढेच आहे.

प्राथमिक शाळांतील शिक्षक बहुतेक ब्राह्मण आहेत, त्यांत ट्रेनिंग घेतलेले थोडे आणि पगार क्वचितच दहा रुपयांवर जातो, असे जोतीरावांनी निदर्शनास आणले. एवढ्यावर थांबते तर ते गाऱ्हाणे ठरले असते. त्यांनी या पदाची नवी आखणीच सुचविली. शिक्षक ट्रेनिंग घेतलेला असावा. तो शक्यतो शेतकरी वर्गातून यावा, म्हणजे तो मुलांत मिसळेल आणि त्यांच्या गरजा जाणेल. प्रसंगी नांगराला किंवा सुताराच्या अवजाराला हात लावण्यास तो संकोचणार नाही. त्याचा पगार बारा रुपयांहून कमी नसावा आणि मोठ्या गावी तो पंधरा ते वीस रुपये असावा. गावचे हिशेब तपासण्यात, दस्तऐवजांच्या नोंदणीत त्याला पाटलाच्या जोडीला घ्यावे किंवा गावचे टपाल व स्टॅम्पविक्री त्याच्याकडे द्यावी, म्हणजे गावात त्याचे वजन वाढेल. ज्याची मुले अधिक संख्येने उत्तीर्ण होतील, त्याला विशेष भत्ता द्यावा. एका पदाची पात्रता, निवड, वेतन, कर्तव्ये आणि बढतीचे उत्तेजन अशा पाचही अंगांचा विचार त्यात आहे. आजच्या सेवाप्रवेश नियमांत याहून वेगळी प्रकरणे नसतात.

त्याच निवेदनात त्यांनी आणखी एक इशारा दिला. सरकारी शाळांतील उच्च शिक्षण व्यवहाराच्या उपयोगाचे नाही; त्यातून कारकून आणि मास्तर तेवढे तयार होतात, असे त्यांचे मत होते. शेतकऱ्याच्या मुलाने नोकरीत यावे यासाठी झगडणारा हा पुरुष नोकरीलाच शिक्षणाचे ध्येय मानावयास तयार नव्हता. स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांत तारुण्याची वर्षे घालविणाऱ्या आजच्या विद्यार्थ्यांना या विसंगतीसारख्या दिसणाऱ्या भूमिकेतील शहाणपण सहज उमगेल.

1883 साली सिद्ध झालेल्या शेतकऱ्याचा असूड या ग्रंथात हा विचार पुढे गेला आहे. सरकारी खात्यांत ब्राह्मण कामगारांची भरती त्यांच्या लोकसंख्येच्या प्रमाणाबाहेर होऊ नये, ही मागणी तेथे स्पष्टपणे येते. प्रतिनिधित्वाच्या पुढील शंभर वर्षांच्या राजकारणाचे बीज त्यात पाहता येते. पण त्याच ग्रंथात दुसरी एक सूचना आहे आणि तिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. शेतकऱ्यांची जी मुले मराठी शाळेतील वरच्या इयत्तेची परीक्षा उतरतील आणि सदाचरणाने वागतील, त्यांनाच पाटीलकी देण्याचा कायदा करावा, असे जोतीराव सुचवितात. असे झाले तर शेतकरी आपण होऊन मुलांना शाळेत घालतील, हा त्यांचा तर्क. पाटीलकी हे तर बहुजन समाजाचेच वतन होते. स्वतःच्या पक्षातील जन्मसिद्ध हक्कालाही परीक्षेच्या कसोटीस लावण्याचे धैर्य त्यांनी दाखविले. पंतोजीने पाभर आणि नांगर हाकण्याचीही परीक्षा द्यावी, असे सांगताना त्यांनी पुस्तकी परीक्षेलाही अपुरे ठरविले.

या दोन सूचना एकत्र वाचल्या म्हणजे जोतीरावांची खरी भूमिका कळते. जागा जन्माने मिळू नये आणि केवळ पाठांतरानेही मिळू नये. ज्या लोकांची सेवा करावयाची, त्यांच्या जीवनाची ओळख ही त्यांच्या मते पात्रतेच्या बाहेरची सवलत नव्हती; ती पात्रतेचाच एक भाग होती. त्यांचा विरोध व्यक्तींच्या जातीला होता असे मानणारे, त्यांच्या शाळांत सदाशिव गोवंडे, मोरो वाळवेकर यांच्यासारखे ब्राह्मण सहकारी खांद्याला खांदा लावून उभे होते, हे विसरतात. एका ब्राह्मण विधवेच्या मुलाला, यशवंताला, त्यांनी 1874 साली दत्तक घेतले आणि तो पुढे डॉक्टर झाला.

1888 च्या मे महिन्यात मुंबईत जोतीरावांचा महात्मा म्हणून गौरव झाला. त्याच वर्षी पक्षाघाताने त्यांचा उजवा हात निकामी झाला. तरीही डाव्या हाताने लिहून त्यांनी सार्वजनिक सत्यधर्माचे पुस्तक पुरे केले. 28 नोव्हेंबर 1890 रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांनी मागितलेल्या गोष्टींपैकी फारच थोड्या पदरात पडल्या होत्या.

फळे आली ती सावकाश. कोल्हापुरात शाहू महाराजांनी 26 जुलै 1902 रोजी रिकाम्या होणाऱ्या निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या आणि 1918 मध्ये कुलकर्णी वतने रद्द करून पगारी तलाठी नेमले. डॉ. आंबेडकरांनी 1928 साली मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाच्या जाचाविरुद्ध विधेयक मांडले. स्वातंत्र्यानंतर 1950 च्या कायद्याने परगणा व कुलकर्णी वतने, 1958 च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगार वतने आणि 1962 च्या कायद्याने मुलकी पाटीलकी संपुष्टात आली. 1 मे 1962 पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. त्यांच्या सेवकांची विभागणी जिल्हा तांत्रिक सेवा, जिल्हा सेवा, वर्ग तीन, वर्ग चार अशी झाली आणि 1967 साली सेवाप्रवेशाचे नियम आले. वर्गांचे पुढे गट झाले. 2024 मध्ये तलाठ्याचे ग्राम महसूल अधिकारी झाले. वतनाची जागा जाहिरात, अर्ज, परीक्षा आणि निवडयादी यांनी घेतली. ही क्रांती लहान नाही.

परंतु जोतीरावांचा प्रश्न अजून मिटलेला नाही, हे पाहण्यासाठी पुन्हा जुन्नरकडेच वळावे लागते. जुन्नर आणि त्याला लागून असलेल्या आंबेगाव तालुक्याचा सह्याद्रीलगतचा पश्चिम भाग महादेव कोळी, ठाकर या आदिवासी समाजांचा आहे. यातील गावे 1985 च्या आदेशान्वये अनुसूचित क्षेत्रात मोडतात. अशा क्षेत्रांतील तलाठी, ग्रामसेवक, प्राथमिक शिक्षक इत्यादी पदे स्थानिक आदिवासी उमेदवारांतूनच भरावीत, अशी अधिसूचना राज्यपालांनी 9 जून 2014 रोजी काढली. आपल्या माणसांत मिसळणारा, त्यांची बोली आणि शेती जाणणारा शिक्षक हवा, या 1882 च्या म्हणण्याशी तिचे नाते उघड आहे. दुसरीकडे, आंध्र प्रदेशातील अनुसूचित क्षेत्रांत शिक्षकांच्या सर्वच्या सर्व जागा स्थानिक आदिवासींसाठी राखणारा आदेश सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 22 एप्रिल 2020 रोजी अवैध ठरविला. समान संधीचे तत्त्वही घटनेचेच आहे, हे त्यामागचे सूत्र. महाराष्ट्रातही 2023 च्या भरतीत या क्षेत्रांतील नेमणुका न्यायालयीन वादात अडकल्या आणि 2024 मध्ये निवड झालेल्या आदिवासी उमेदवारांना मानधनावर तात्पुरते घेण्याची वेळ आली.

या वादात गुणवत्ता एका पारड्यात आणि स्थानिकता दुसऱ्या पारड्यात टाकून तोल पाहण्याची सवय जडली आहे. जोतीरावांनी तसा तराजू हाती धरला नव्हता. त्यांनी शेतकऱ्याचा मुलगा मागितला आणि त्याला ट्रेनिंगही मागितले; पाटलाचा मुलगा मान्य केला, पण परीक्षा उतरलेला. आणि दोघांनाही पोटभर पगार मागितला, कारण अर्धपोटी नोकर प्रामाणिक राहील अशी अपेक्षा करणे त्यांना न्यायाचे वाटत नव्हते. डोंगरातल्या शाळेत मानधनावरचा शिक्षक वर्षावर्षाच्या आशेवर टिकतो, एखाद्या वर्षी जागा रिकामीच राहते, तेव्हा न्यायालयात कोणता पक्ष जिंकला याने तेथील मुलाच्या पाटीवरचे अक्षर उमटत नाही. अनुसूचित गावांतील मुलांना ट्रेनिंग आणि परीक्षेची तयारी त्यांच्याच तालुक्यात मिळाली, निवड वेळेवर झाली आणि नेमणूक पूर्ण वेतनावर झाली, तर या वादातील बरेचसे विष आपोआप उतरेल. हे काम न्यायालयाचे नाही, शासनाचे आहे. ओतूरच्या पाटलांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर कायद्यात येण्यास चाळीस वर्षे लागली; आंबेगावच्या डोंगरातील मुलांना तेवढी वाट पाहावयास लावणे योग्य होणार नाही.